पाळकसाहेब, सत्ताविसावं वचन राहून जातंय

महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब, उपदेशक बंधुभगिनी आणि पंचकमिट्यांमधले वडीलधारे यांस,

प्रभूच्या नावात सलाम.

नाताळच्या कार्यक्रमांची आखणी करायला तुम्ही आता बसाल. कॅरलचे गट, मुलांची नाटिका, केकची ऑर्डर, मंडपवाला आणि प्रमुख पाहुणे. हे पत्र त्या शेवटच्या बाबीसाठी आहे. पाहुणे बोलवूच नका, असं माझं म्हणणं नाही. सत्तेवरची माणसं समोर बसलेली असताना आपण वचनातलं काय वाचतो आणि काय गाळतो, तेवढंच बोलायचं आहे. त्यासाठी पवित्र शास्त्रातल्या दानीएलाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय घेते.

हा अध्याय आपल्याकडे नेहमीचा. शब्बाथ शाळेत तो शिकवते तेव्हा मुलं जागची हलत नाहीत, कारण त्यात एक राजा बैलासारखा गवत खातो, त्याचे केस गरुडाच्या पिसांसारखे वाढतात आणि नखं पाखरांच्या नखांसारखी. मोठ्यांच्या उपासनेत मात्र तो दोनच तऱ्हांनी ऐकू येतो. खुर्चीवरचा माणूस आपल्या जवळचा असला की सतराव्या वचनावर जोर: माणसांच्या राज्यावर परात्पर देवाची सत्ता आहे, ते तो हवं त्याला देतो; म्हणजे साहेबांना देवानेच बसवलंय, म्हणा आमेन. माणूस नावडता असला की जोर तेहेतिसाव्या वचनावर, म्हणजे गवतावर: बघा, गर्वाचं घर खाली! दोन्ही वेळा सत्ताविसावं वचन राहून जातं. माझी तक्रार एवढीच, पण ती नीट मांडायला जरा वेळ लागेल.

मुळात हा अध्यायच एक खुलं पत्र आहे. नबुखद्नेस्सर राजा ते पृथ्वीवरच्या सगळ्या लोकांना, राष्ट्रांना आणि निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांना लिहितो, त्यांना शांती चिंततो आणि सरळ सांगायला लागतो की मी माझ्या महालात निवांत होतो, मला एक थोरलं झाड तोडलं जाण्याचं स्वप्न पडलं आणि मी घाबरलो. सम्राटाने स्वतःची फजिती स्वतःच्या सहीने जगजाहीर करावी, असे कागद जुन्या जगात फार नाहीत. स्वप्न सांगून होईपर्यंत पत्र 'मी'च्या तोंडून चालतं. मग स्वप्नाचा अर्थ सांगायला आलेला यहूदी बंदिवान दानीएल बोलायला लागतो आणि पत्र राजाच्या हातून सुटतं. पुढे राजाबद्दल दुसरंच कुणी सांगतंय: त्याला माणसांतून घालवून दिलं, तो दहिवराने भिजला. शुद्ध हरपलेल्या दिवसांचा 'मी' त्याच्यापाशी नाहीच. चौतिसाव्या वचनात तो डोळे आकाशाकडे लावतो, बुद्धी परत येते आणि तिच्याबरोबर 'मी नबुखद्नेस्सर' हे शब्दही.

हा माणूस काही नाताळच्या नाटिकेतला कागदी मुकुटवाला राजा नव्हे. इ.स.पूर्व ६०५ ते ५६२ एवढा काळ तो बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, गादीवर होता. ५९७मध्ये त्याने यरुशलेम घेतलं. दहा-अकरा वर्षांनी पुन्हा वेढा घालून शहर पाडलं, मंदिर जाळलं. सिद्‌कीया राजाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. त्याने शेवटचं पाहिलं ते आपल्या मुलांचं मरण. दानीएल ज्याच्या पदरी चाकरी करतो, तो हा माणूस.

त्याची बाबेल नगरी रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन संशोधकाने १८९९पासून १९१७पर्यंत उकरून काढली. निळ्या विटांची इश्तार वेस आता बर्लिनमध्ये उभी आहे. पण मला त्या वेशीपेक्षा तिथल्या साध्या भाजक्या विटा जास्त बोलक्या वाटतात. ओल्या मातीत ठसा दाबून त्यांवर कीलाकार लिपीत लिहिलेलं असतं: नबुखद्नेस्सर, बाबेलचा राजा, एसागिला आणि एझिदा या मंदिरांचा पालनकर्ता, नबोपोलस्सरचा थोरला मुलगा. ठसा बहुधा विटेच्या रुंद बाजूवर असे. म्हणजे वरचा थर बसला की मजकूर कायमचा झाकला जाई. जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेही राजाला आपलं नाव हवं होतं. १९८०च्या दशकात सद्दाम हुसेनने त्याच अवशेषांवर नव्या भिंती चढवल्या तेव्हा नव्या विटांवर आपलं नाव छापून घेतलं, शेजारी टेकाड रचून वर महालही बांधला. डिसेंबर २००३मध्ये तो तिक्रीतजवळ जमिनीतल्या एका खड्ड्यात सापडला. आपल्याकडे विटांवर नाही, संगमरवरावर कोरतात. चर्चच्या कंपाउंडवरची 'अमुक साहेबांच्या निधीतून' ही पाटी तुम्हीच पडदा ओढून उघडलेली असते. निधी साहेबांचा नसतो, आपल्या सगळ्यांच्या कराचा असतो, हे त्या पाटीवर कधी येत नाही.

तर अशा शहरात राजा महालाच्या गच्चीवर फिरतो आहे आणि म्हणतो: हे थोर बाबेल मी माझ्या पराक्रमाने, माझ्या वैभवासाठी बांधलं ना? खरं सांगायचं तर यात खोटं काहीच नाही. त्याने ते बांधलं होतं, विटा साक्षीला आहेत. त्याचा गर्व म्हणजे थाप नव्हती, हिशेबातली गाळलेली नोंद होती. देणारा गाळला आणि वाहणारेही गाळले. त्या विटा कुणी थापल्या, कुणाच्या डोक्यावरून गेल्या, किती बंदिवान त्यात खपले, यातलं एक अक्षर त्या वाक्यात नाही.

वाहणाऱ्यांना गाळण्यावर यिर्मया संदेष्टा काय म्हणतो तेही एकदा पुलपिटावरून ऐकू द्या. बावीसाव्या अध्यायात तो आपल्याच राजाला, यरुशलेमच्या यहोयाकीमाला धरतो. हा राजा ऐसपैस घर बांधतोय, मोठ्या खिडक्या, गंधसरूच्या फळ्या, वर तांबडा रंग, आणि मजुरांना मजुरी देत नाही. यिर्मया त्याला बापाची आठवण देतो: तुझा बाप योशीयाही खात-पीत होता, पण तो गोरगरिबांचा न्याय करायचा आणि त्याचं भलं होत होतं, मला ओळखणं ते हेच नाही का, असं परमेश्वर विचारतो. देवाला ओळखण्याची इतकी सोपी व्याख्या पवित्र शास्त्रात क्वचितच सापडेल. तिच्यावर मी आजवर एकही संदेश ऐकलेला नाही, आणि मी रविवार फारसा चुकवत नाही.

आता नम्रतेबद्दल. नम्रता म्हणजे हात जोडणं आणि मान लवणं, असं आपण धरून चालतो. साहेब स्टेजवर आले, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, 'मी तर तुमचा सेवक' म्हणाले, की घरी जाताना लोक म्हणतात, किती साधा माणूस! पण असली नम्रता बाबेललाही येत होती. नबुखद्नेस्सरचा बाप नबोपोलस्सर आपल्या शिलालेखात स्वतःला 'कुणाचाच नसलेल्याचा मुलगा' म्हणवतो. मी दुबळा, मी नगण्य, पण मर्दुक देवाने माझ्याकडे पाहिलं, असा त्याचा सूर. सतराव्या वचनात परात्पर देव अगदी हलक्यातल्या माणसालाही राज्यावर बसवतो असं म्हटलंय, ते या घराण्याच्या तोंडीही होतं. ते म्हणून यरुशलेम वाचलं नाही. शिलालेखातली नम्रता ही दरबारी भाषा झाली. ती लेखनिकाला पाठ असते, आणि आता भाषण लिहून देणाऱ्यालाही असते.

पवित्र शास्त्र राजाकडे मागतं ती नम्रता मोजता येण्याजोगी आहे. अनुवाद या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजासाठी नियम आहेत: फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत, सोनंरुपं साठवू नये, आणि नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घेऊन ती जन्मभर वाचावी. कशासाठी? आपल्या भाऊबंदांपेक्षा आपण वरचे, असं त्याच्या मनात येऊ नये म्हणून. त्यात मान किती लववावी याचा उल्लेख नाही. तबेल्यात घोडे किती आणि तिजोरीत काय, हे मात्र विचारलं आहे. शपथपत्रात मालमत्ता जाहीर करण्याची आपली पद्धत मला या अध्यायाची दूरची नातेवाईक वाटते, तुम्हाला हसू आलं तरी चालेल.

आणि मग ते सत्ताविसावं वचन. त्याच्या आधी एकोणिसाव्यात काय घडतं ते पाहा. स्वप्नाचा अर्थ दानीएलाला कळतो आणि तो घटकाभर सुन्न होतो. राजालाच त्याला धीर द्यावा लागतो. मग तो म्हणतो, महाराज, हे स्वप्न आपल्या शत्रूंच्या वाट्याला जावो! ज्याने त्याचं शहर जाळलं, त्याला तारुण्यातच घरातून उचलून आणलं, त्याच्या नाशाची बातमी हातात असताना या माणसाला आनंद होत नाही. गवताच्या वचनावर आपण ज्या चवीने बोलतो, ती चव दानीएलाच्या तोंडाला नव्हती.

सुन्न झाला तरी तो गप्प बसत नाही. झाड म्हणजे आपणच आहात, महाराज, हे तोंडावर सांगतो. झाड तोडलं जाईल, बुंधा राहील, सात काळ जातील. स्वप्नाचा अर्थ इथे संपला. विचारलं होतं तेवढं उत्तर देऊन झालं, तो उठून जाऊ शकला असता. पण तो न विचारलेलं बोलतो: महाराज, माझा सल्ला आपल्याला रुचावा, नीतीने वागून आपली पापं सोडा, गरिबांवर दया करून आपल्या अन्यायापासून फिरा, म्हणजे कदाचित आपली सुस्थिती टिकेल. हे सत्ताविसावं वचन.

यात काय नाही ते बघा. तुमचे देव टाका, असं त्याने म्हटलेलं नाही. यरुशलेमचं मंदिर बांधून द्या म्हटलेलं नाही. आमच्या यहूदी बंदिवानांना सोडा, निदान आमची वस्ती सुधारा, असंही नाही. राजाचा कान इतका जवळ असताना त्याने आपल्या समाजासाठी काही मागितलं नाही, बाबेलच्या गरिबांसाठी मागितलं. ते गरीब कोण होते, कुठल्या देवाला भजत होते, याची चौकशी त्या वचनात नाही.

मग बारा महिने गेले. या अध्यायातली मला सगळ्यांत भारी वाटणारी गोष्ट हीच. देव लगेच कुऱ्हाड चालवत नाही. सल्ला आणि शिक्षा यांच्यामध्ये वर्षभराची मोकळी जागा आहे आणि त्या जागेत राजाने काय केलं, यावर लेखक अवाक्षर काढत नाही. त्या वर्षात एखाद्या विधवेचा दावा निकाली निघाला असता, एखाद्याची थकलेली मजुरी मिळाली असती, तर अध्याय वेगळा झाला असता. 'कदाचित' हा शब्द दानीएलाने उगाच वापरला नव्हता. देवाची सार्वभौम सत्ता म्हणजे आधीच लागलेला निकाल, असं आपण शिकवतो. या अध्यायात ती राजाला मुदत देते.

कॉलेजातली मुलं आता मोबाइल काढून विचारतात, बाई, नबुखद्नेस्सरला वेड लागल्याचं बाबेलच्या नोंदींत कुठे आहे? त्यांना दटावू नका. कुमरानच्या चौथ्या गुहेत एका अरामी लेखाचे तुकडे मिळाले आहेत. त्यात सात वर्षांच्या आजाराची आणि एका यहूदी माणसाने वाट दाखवल्याची गोष्ट आहे, पण राजाचं नाव नबोनिदस, बाबेलचा शेवटचा राजा. हा नबोनिदस खरोखरच राजधानी सोडून दहा वर्षं अरबस्तानातल्या तेमा इथे जाऊन राहिला होता. या दोन गोष्टींचं नातं काय, यावर अभ्यासक बोलत आले आहेत. मुलांना हे सांगितल्याने वचनाचं वजन कमी होत नाही. उलट त्यांना कळतं की सत्तेच्या शिखरावरून बेपत्ता झालेला राजा हा लोकांच्या डोळ्यांसमोरचा विषय होता.

नबोनिदस दूर असताना कारभार पाहणारा त्याचा मुलगा बेलशस्सर पाचव्या अध्यायात येतो. त्याच्याशी बोलताना दानीएलाचा सूर पार बदलतो. जांभळा पोशाख, सोन्याचा गोफ, राज्यातलं तिसरं पद असा देकार येतो, तेव्हा तो म्हणतो, आपल्या देणग्या आपल्यापाशीच ठेवा. मग वर्मावर बोट: हे सगळं आपल्याला ठाऊक असूनही आपण नम्र झाला नाहीत. तरी त्या रात्री गोफ त्याच्या गळ्यात पडलाच, आणि रात्र सरायच्या आत बेलशस्सर मारला गेला. इ.स.पूर्व ५३९ची गोष्ट.

त्या रात्रीनंतर आलेला पारसचा राजा कोरेश तर 'देवाने निवडलेला नेता' या भाषेचा उत्तम नमुना आहे. त्याचा मातीचा लेख, तो प्रसिद्ध वृत्तचितीसारखा तुकडा, २०१३च्या अखेरीस लंडनहून मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आला होता. त्यात लिहिलंय की मर्दुक देवाने सगळे देश धुंडाळून कोरेशचा हात धरला. यशयाच्या पंचेचाळीसाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, मी त्याचा उजवा हात धरला आहे, आणि पुढे म्हणतो, तू मला ओळखत नसतानाही. एकाच राजाचा हात दोघा देवांच्या हातात! राजाला देवाची मोहोर नेहमीच हवी असते आणि ती देणारे पुजारी नेहमी मिळतात. यशया मोहोर देतो, पण लगेच सांगतो की हे बंदिवानांना सोडवण्यासाठी आहे आणि तुझ्या ओळखीपाळखीशिवाय आहे. त्याला शाल घालत नाही.

रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय तुम्ही मला दाखवाल, हे ठाऊक आहे. अधिकारी देवाने नेमलेले आहेत, बरोबर. पौलाने हे लिहिलं तेव्हा रोममध्ये नीरोचं राज्य होतं, म्हणजे पौलाला सत्तेचे दात ठाऊक नव्हते असं नाही. पण तिथेही अधिकाऱ्याला मिळालेलं पद 'देवाचा सेवक' हेच आहे, आणि सेवकाला हिशेब द्यावा लागतो. यिर्मयाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर नबुखद्नेस्सरला 'माझा सेवक' म्हणतो, नवव्या वचनात. बाराव्या वचनात म्हणतो, सत्तर वर्षं भरली की बाबेलच्या राजाला त्याच्या अन्यायाबद्दल शासन करीन. मध्ये दोनच वचनं आहेत. आपण नवव्यावर पुस्तक मिटतो.

तुमची अडचण मला समजत नाही असं मानू नका. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती जेमतेम एक टक्का भरले. दफनभूमीची जागा, हॉलची परवानगी, मिरवणुकीला बंदोबस्त, प्रार्थना चालू असताना बाहेर कुणी गोंधळ घातला तर पोलिसांनी फोन उचलावा, या सगळ्यासाठी कुणीतरी साहेब लागतात. पंचकमिटीच्या मीटिंगमध्ये 'त्यांना दुखवून कसं चालेल' हे वाक्य येतं तेव्हा त्यामागे खरी भीती असते.

पण नेमक्या याच भीतीवर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. सोर आणि सीदोनच्या लोकांवर हेरोद (नाताळच्या गोष्टीतला नव्हे, त्याचा नातू अग्रिप्पा) चिडलेला होता. त्यांचं धान्य हेरोदाच्या मुलखातून यायचं. म्हणून त्यांनी ब्लस्त नावाच्या राजाच्या खासगी कारभाऱ्याला हाताशी धरलं (पीएमार्फत जाण्याची रीत जुनीच) आणि समेट मागितला. ठरल्या दिवशी हेरोद राजवस्त्र घालून आसनावर बसून भाषण करू लागला, तेव्हा लोक ओरडले, ही माणसाची नव्हे, देवाची वाणी! योसेफस या यहूदी इतिहासकारानेही कैसरियातल्या त्या दिवसाचं वर्णन केलंय: चांदीच्या तारांचं वस्त्र, त्यावर पडलेलं सकाळचं ऊन, खुशमस्कऱ्यांचा ओरडा, आणि त्यांना न रोखणारा राजा. त्याच्या पोटात लगेच कळा उठल्या आणि पाच दिवसांनी तो मेला, इ.स. ४४मध्ये. संदेशात आपण किडे पडून मेलेल्या हेरोदावर बोलतो. ओरडणाऱ्यांवर बोलत नाही. त्यांना धान्य हवं होतं. ते भुकेपोटी खोटं बोलले आणि त्या खोट्याने राजाचा जीव घेतला. सत्तेची खुशामत करणं हे त्या सत्ताधाऱ्यावरही प्रेम नव्हे, हे मला या प्रसंगाने शिकवलं.

उज्जीयाचंही तसंच. बावन्न वर्षं राज्य केलेला कर्तबगार राजा, बुरूज बांधणारा, विहिरी खोदणारा, शेतीची आवड असलेला. बलाढ्य झाल्यावर त्याचं मन फुगलं आणि धूप जाळायला तो स्वतः मंदिरात शिरला. तेव्हा अजऱ्या याजक ऐंशी याजकांना घेऊन त्याच्यामागे आत गेला आणि म्हणाला, महाराज, हे आपलं काम नाही, बाहेर व्हा. शास्त्र त्या ऐंशी जणांना शूर म्हणतं. आपल्याकडे धुपाटणं घेऊन साहेब दाराशी येण्याचीही गरज पडत नाही. आपणच गाडी पाठवतो.

एका गावातल्या नाताळच्या कार्यक्रमाला मी होते. निवडणूक तोंडावर होती. पाहुण्यांना दीड तास उशीर झाला. मेंढपाळ झालेली पोरं डोक्याला टॉवेल गुंडाळून थंडीत बसून होती, एका देवदूताचे पुठ्ठ्याचे पंख तोवर वाकले होते. गाड्या आल्या तसं दुसऱ्या कडव्यावर असलेलं कॅरल थांबवलं. शाल झाली, गुलदस्ता झाला, मग सोनेरी कडांचं पवित्र शास्त्र, सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं. साहेबांनी ते फोटोपुरतं हातात धरलं आणि मागे उभ्या असलेल्या पीएकडे दिलं, त्याने फायलींवर ठेवलं. साहेब म्हणाले, मी मिशनच्या शाळेत शिकलो. टाळ्यांचा कडकडाट. मग पाळकसाहेबांनी हात वर करून प्रार्थना केली की हे प्रभू, यांना याहून उंच पदावर ने. उंच नेलेल्याचं शास्त्रात पुढे काय काय होतं, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात नसावं.

मिशनच्या शाळेवरून आठवलं. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी नबुखद्नेस्सर दानीएलाच्या पाया पडतो आणि तुमचा देव देवाधिदेव आहे म्हणतो. तिसऱ्याच्या सुरुवातीला साठ हात उंचीचा सोन्याचा पुतळा उभारून न वाकणाऱ्यांना भट्टीत टाकतो. त्याच अध्यायाच्या शेवटी पुन्हा देवाची स्तुती, वर धमकी की या देवाविरुद्ध बोलेल त्याचे तुकडे करीन. चौथ्यात गच्ची. सत्ताधाऱ्याने आपल्या देवाबद्दल चार बरे शब्द काढले की आपण साक्ष म्हणून छापून आणतो. दानीएलाने कुठल्याच अध्यायात तसं केलं नाही.

तर आता माझी मागणी, आणि ती छोटी आहे. पाहुणे येऊ द्या, शाल घाला, दफनभूमीच्या भिंतीचं निवेदनही द्या. अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, तीमथ्याला तसं सांगितलंच आहे. फक्त कार्यक्रमपत्रिकेत प्रार्थनेच्या आधी दोन मिनिटं शास्त्रवाचन घाला: दानीएल चार, सतरा आणि सत्तावीस, दोन्ही वचनं, एकामागोमाग. सतरा एकटं वाचायचं नाही. आणि निवेदनात आपल्या मागण्यांच्या वर एक मागणी अशी असू द्या की जिच्यात आपल्या मंडळीचा काही फायदा नाही: वीटभट्टीवरच्या पोरांची शाळा, ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचं दवाखान्याचं काम, तुमच्या तालुक्यात जे अडलं असेल ते. सभ्य भाषेत लिहा. दानीएलही 'महाराज, रुचावा' असंच म्हणाला होता. ही मागणी दर वर्षी तीच ठेवा, आणि पुढच्या वर्षी साहेब आले की तिचं काय झालं ते प्रार्थनेच्या आधी विचारा.

हेच वाचन पंचकमिटीच्या निवडणुकीच्या दिवशीही व्हावं. ट्रस्टच्या जागा, शाळांची मंडळं, वर्षानुवर्षं न सुटणाऱ्या खुर्च्या आपल्याकडेही आहेत. त्यावर एक स्वतंत्र पत्र लागेल, ते तूर्त राहू देते.

वाचणार कोण, हा प्रश्न मीटिंगमध्ये निघेल. साहेबांसमोर कुणी पुढे होणार नाही. मी वाचीन, किंवा माझ्या वर्गातली कुठलीही सातवीतली मुलगी वाचेल, त्यांचं वाचन माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. आणि पाहुण्यांना उशीर झाला, तर थांबू नका. मुलांची नाटिका वेळेवर सुरू करा.

आपल्या सेवेबद्दल मनापासून आदर असलेली,
शब्बाथ शाळेतली एक शिक्षिका